चौथी खोली

१

आमच्या घरी तंबू शिवायचे. राहायच्या खोल्या खाली मागच्या बाजूला होत्या आणि वर इमारतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच माडी होती. मध्ये खांब नाही, भिंत नाही, नुसती लाकडी जमीन. बाबा तिथे तंबू अंथरायचे, आखायचे, कापायचे. दादा आणि मी त्याच जमिनीवर रांगायला शिकलो, असं आई सांगायची, आणि कुणाच्या गुडघ्यातून किती टाचण्या काढल्या तेही सांगायची.

दादाने माझं नाव टाचणी पाडलं ते त्यामुळेच असावं. तो म्हणायचा, तू बारीक आहेस आणि कुठेही टोचतेस. आज त्रेपन्नाव्या वर्षी त्यातलं फक्त दुसरं खरं राहिलंय.

माडीच्या एका टोकाला माणसाच्या उंचीचा एक पंखा होता, लोखंडी जाळीतला. तंबूच्या कापडाला पाणी अडवणारा लेप लावला की तो वाळवायला बाबा पंखा लावायचे. सुरू होताना तो दोनदा खाकरायचा आणि मग असा घोंघावायला लागायचा की शेजारच्या माणसाशीसुद्धा ओरडून बोलावं लागे. आमचं सगळं बालपण ओरडण्यात गेलं. अजूनही आम्ही फोनवर बोललो की पलीकडचा माणूस विचारतो, भांडण झालंय का.

दादा एकोणीस वर्षांचा असताना एका मैदानावर विमानातून उड्या मारणारी माणसं बघून आला आणि त्या रात्री जेवलाच नाही. दुसऱ्या दिवशी त्याने जाहीर केलं की तो पॅराशूट शिवणार. विकायला नाही, स्वतःसाठी.

बाबांनी हातातली कात्री खाली ठेवली. म्हणाले, "तंबू जमिनीवर उभा राहतो, तेवढं पुरत नाही का तुला?"

"बाबा, छत्री म्हणजे तंबूच. फक्त वरून खाली येतो."

संध्याकाळी बाबांनी तीन नंबरचं मशीन तेलपाणी करून दादासाठी खिडकीपाशी सरकवलं. आमच्याकडे माया अशीच दाखवत.

पहिली छत्री गोल होती, तंबूच्या उरलेल्या अस्तराची. ती आम्ही वाळूचं पोतं बांधून पाण्याच्या टाकीवरून सोडली. पोतं फुटलं, छत्रीला ओरखडाही आला नाही. दादा म्हणाला, "याचा अर्थ छत्री मजबूत आहे." दुसरी त्याने त्या उड्या मारणाऱ्यांच्या क्लबच्या विमानातून खरोखर उडवली आणि तो कुणाच्या तरी परसातल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर उतरला. घरी आला तेव्हा त्याच्या खांद्यावर परक्या घरचा उशीचा पांढरा अभ्रा होता. आई हसत हसत रडली की रडत रडत हसली, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

तिसरी छत्री नारिंगी होती. ही गोष्ट तिची आहे.

२

तिसरी छत्री गोल नव्हती, लांबट पंखासारखी होती. वर एक कापड, खाली एक कापड, आणि मध्ये उभ्या कापडी भिंती. त्या भिंतींमुळे आत नऊ खोल्या तयार होत. पुढून उघड्या, मागून बंद. वारा पुढून शिरला की बाहेर पडायला वाट नसते, मग सगळी छत्री गादीसारखी टणक फुगते. हवा सगळीकडे सारखी खेळावी म्हणून प्रत्येक भिंतीला भोकं ठेवलेली होती, चहाच्या बशीएवढी. त्यातून हात जाई, डोकं जात नसे.

'खोल्या' हा शब्द बाबांचा. तंबू शिवणाऱ्याला दुसरं काय सुचणार?

या छत्रीची खरी शिलाई आतून. बाहेरून बघून कळत नाही की टीप कुठे सुटली आहे, कुठे कापड दुमडून शिवलं गेलंय. म्हणून दादाने तपासायची एक रीत काढली. छत्री माडीवर अंथरायची, खोल्यांची तोंडं पंख्याकडे करायची आणि पंखा लावायचा. ती हळूहळू कूस बदलल्यासारखी उठे आणि कंबरेएवढी फुगून बसे. मग दादा एकेका खोलीत पोटावर सरपटत शिरायचा, बॅटरी दातात धरून. मी बाहेर खडू घेऊन उभी.

वाऱ्यात आवाज ऐकू येत नसे, म्हणून बोलणं हातांचं. दादा आतून शिवणीवर तळवा दाबायचा. नारिंगी कापडावर त्याची पाचही बोटं उमटायची. मी बाहेरून त्यावर माझा तळवा ठेवायची, म्हणजे मला जागा कळली. मग तो थाप मारायचा. दोन थापा म्हणजे ठीक आहे, पुढे चल. एक थाप म्हणजे इथे दोष आहे, खूण कर.

मध्ये फक्त कापड असायचं. त्याच्या हाताची ऊब लागायची. आईचा हात सोडला तर इतका वेळ मी कुणाचाच हात हातात घेतलेला नाही, आणि मी लग्न केलेलं आहे.

या कामाचे नियम दोनच होते आणि दादाने ते खिडकीच्या चौकटीवर खडूने लिहून ठेवले होते. एक, ज्या खोलीतून आत, त्याच खोलीतून बाहेर. हा नियम लिहायची गरजच नव्हती, कारण बशीएवढ्या भोकातून माणूस या खोलीतून त्या खोलीत जाणार कसा? पण दादाला नियम दोन तरी हवेत असं वाटायचं. दुसरा, माणूस आत असताना पंखा बंद करायचा नाही. हे कापड हवा सोडत नाही. पंखा बंद झाला की ते खाली बसतं, आणि आतल्याच्या तोंडावर बसतं.

३

त्या दिवशी सकाळी दादाच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटात मशीनची सुई गेली. आरपार नाही, पण बऱ्यापैकी. पट्टी शोधायला खाली कोण जाणार, म्हणून मी नारिंगी कापडाच्या कडेची एक चिंधी फाडली आणि त्याच्या बोटाला गुंडाळून वरच्या बाजूला दुहेरी गाठ मारली. गाठ वाटाण्याएवढी झाली.

"बोट बांधलंस की तंबूचा खुंटा?" तो म्हणाला.

"सुटली तर बोल."

तो रविवारी ही छत्री घेऊन उडी मारणार होता. चौथी खोली सोडून बाकी सगळ्या भिंती त्याने स्वतः शिवल्या होत्या. चौथीच्या दोन्ही भिंती त्याने मला शिवायला दिल्या होत्या, पहिल्यांदाच. दादा तेव्हा चोवीस वर्षांचा होता, मी सतरा, आणि आठवडाभर माझा पाय जमिनीवर ठरत नव्हता.

दुपारी आम्ही पंखा लावला. पहिली, दुसरी, तिसरी खोली झाली, सगळीकडे दोन थापा. दादा बाहेर आला, घाम पुसला, म्हणाला, "आता टाचणीबाईंची परीक्षा," आणि चौथ्या खोलीत शिरला. त्याचे तळपाय आत जाताना मी पाहिले. ते नक्की.

थोड्या वेळाने कापडावर तळवा उमटला. मी माझा ठेवला. बोटाची गाठ मला लागत होती. थापेची वाट बघत असतानाच खालून दार वाजल्यासारखं वाटलं. बाबा आणि आई घरी नव्हते. पंख्याच्या आवाजात काही धड कळेना. मी छत्रीवर वाकून ओरडले, "दादा, एक मिनिट!" आणि ऐकू यावं म्हणून पंखा बंद केला.

दारात खरंच एक गिऱ्हाईक होतं. त्याला ताडपत्री हवी होती आणि मापं पावलांनी मोजून आणलेली होती. मी त्याला समजावत बसले की पावलं सगळ्यांची सारखी नसतात. दोन मिनिटं झाली असतील. पाच म्हणा. मग मला आठवलं आणि मी जिना चढले तो पायांनी की हातांनी, मला माहीत नाही.

मी पंखा लावला. तो दोनदा खाकरला. छत्री उठली. आणि सहाव्या खोलीच्या तोंडातून दोन अनवाणी पाय बाहेर आले.

मी ते धरून ओढले. दादा बाहेर आला, लालबुंद, केस घामाने चिकटलेले. मी त्याच्या गळ्यात पडले आणि "दादा, दादा, मला माफ कर, दादा" एवढंच बडबडत राहिले. तो माझ्याकडे बघत होता. कुणी आपल्याला रस्त्यात ओळख दाखवावी आणि आपण नाव आठवत उभं राहावं, तसा.

"हो," तो शेवटी म्हणाला. "दादा."

त्याच्या बोटाला चिंधी नव्हती.

४

चिंधी आत पडली असणार. मी हवा काढली, नऊच्या नऊ खोल्या हाताने चाचपल्या. मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी आईने त्याचं बोट पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्यात भरून आलंसुद्धा. तरुण रक्त आहे." मीही तेच म्हटलं. सुईची जखम ती, किती दिवस राहणार?

चौथीऐवजी सहावीतून आला, तर मी मोजायला चुकले असेन. सतरा वर्षांची घाबरलेली मुलगी काय मोजते? तसं स्वतःला समजावायला मला फारसा वेळ लागला नाही. माझा सगळा धंदाच मोजण्याचा आहे, आणि तरी मी म्हणते की त्या दिवशी चुकले.

पण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. जिना चढून आले आणि पंखा लावायच्या आधी माझी नजर छत्रीवर गेली होती. ती जमिनीवर पसरलेली होती, उतरलेली, शांत. आणि सपाट होती. माणूस झोपला असता तर दिसला असता, एवढं पातळ कापड ते. चादरीखाली मांजर शिरलं तरी दिसतं. तिथे काही नव्हतं.

दादाने त्या रविवारी उडी मारली नाही. छत्री पिशवीत भरली, पिशवी माळ्यावर टाकली, आणि बाबांना म्हणाला, "मला तंबूच शिकवा." बाबांना आनंद झाला. पंखाही नको म्हणाला तो, कापड अंगणात उन्हात वाळवू लागला. म्हणाला, ऊन फुकट आहे. पंखा गोणपाटाखाली गेला. मी मात्र दर वर्षी त्याला तेल घालत आले. का, ते विचारू नका.

आता त्याच्याबद्दल खरं सांगायचं तर असा भाऊ शोधून मिळायचा नाही. बाबा गेले तेव्हा त्याने मला एक कागद उचलू दिला नाही. माझा संसार दोन वर्षांत आटोपला आणि मी एक पेटी घेऊन परत आले, तेव्हा त्याने काही विचारलं नाही, फक्त चार नंबरचं मशीन तेलपाणी करून खिडकीपाशी सरकवलं. मला फुप्फुसाचा आजार झाला तेव्हा सात आठवडे तो माझ्या खाटेशेजारी खुर्चीत झोपला. वहिनी म्हणायची, नणंदबाई, माझ्या बाळंतपणातसुद्धा हा एवढा जागला नाही. मुलगी झाली तेव्हा त्याने तिला पहिल्यांदा माझ्याच हातात दिलं.

त्याची सवय एकच होती, आणि ती मला आवडायची. रात्री जेवणं झाली की तो म्हणायचा, "टाचणे, सांग ना."

"काय सांगू?"

"काहीही. लहानपणचं."

मग मी सांगायची. पाण्याच्या टाकीवरून पोतं फुटलं ते, उशीचा अभ्रा, आई आमच्या गुडघ्यांतल्या टाचण्या काढायची ते. तो हनुवटी तळहातावर ठेवून ऐकायचा. शंभरदा ऐकलेली गोष्ट पहिल्यांदा ऐकावी तसा. मध्येच विचारायचा, "मग मी काय म्हणालो?" मी सांगितलं की हसायचा. पुढच्या वेळी कुणा पाहुण्यासमोर तीच गोष्ट तो स्वतः सांगायचा, माझ्याच शब्दांत, माझ्याच जागी थांबत. एखाद्या वेळी मी मुद्दाम तपशील बदलून पाहिला. अभ्रा निळा होता म्हणाले. पुढच्या महिन्यात त्याच्याही गोष्टीत अभ्रा निळा झाला.

माणसं विसरतात. मीही विसरते. मी नवऱ्याचा आवाज विसरले आहे.

५

छत्तीस वर्षं अशी गेली, आणि मग भाचीने माळा साफ करायला काढला.

भाची म्हणजे दादाची एकुलती एक. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते आणि सुट्टीच्या दिवशी विमानातून उड्या मारते. हे वेड कुठून आलं म्हणून वहिनी कपाळ बडवून घेते. त्या दिवशी दादा तंबू पोचवायला गेला होता, वहिनी तिच्या बहिणीकडे. भाची धुळीने माखून खाली आली ती पिशवी कवटाळून.

"आत्या! हे बाबाने शिवलंय?"

"त्याने आणि मी."

"आणि कुणी मला सांगितलंसुद्धा नाही! क्लबमधल्या तपासनीसाने पास केली ना, तर मी ही उडवणार. बाबाची छत्री! विचार कर."

मी विचार केला. जुनं कापड आहे म्हणाले, शिवण कुजली असेल म्हणाले, बाबाला विचार म्हणाले. तिने डोळे बारीक केले. "बाबा नाही म्हणेल. म्हणून तर आज बघायची. तूच सांगितलंयस ना, आत शिरून तपासायचात ते?"

सांगितलं होतं मीच. माझ्या गोष्टी आता दोन पिढ्यांना पाठ होत्या.

खोटं कशाला बोलू, मलाही ती फुगलेली बघायची होती. आम्ही दोघींनी ती अंथरली. नारिंगी रंग जराही उतरला नव्हता. गोणपाट काढलं, बटण दाबलं. पंखा दोनदा खाकरला. माझे डोळे भरून आले. छत्रीने कूस बदलली, उठली, कंबरेएवढी झाली, आणि माडीभर तो उजेड पसरला, जो मी सतरा वर्षांची असताना शेवटचा पाहिला होता. भिंतीवर, छतावर, भाचीच्या गालावर.

भाची पहिल्या खोलीत शिरली. थोड्या वेळाने कापडावर तिचा बारका तळवा उमटला. मी माझा ठेवला. दोन थापा. दुसरी खोली, दोन थापा. तिसरी खोली, दोन थापा. जवळ कुणी असतं तर मी त्याला सांगितलं असतं की आई खाली आहे, बाबा खिडकीपाशी आहेत, आणि आत्ता चहा येईल.

मग मी चौथीपाशी सरकले आणि वाट बघत उभी राहिले. तळवा उमटला. मी माझा ठेवला. पंजा मोठा होता. माझ्या बोटांच्या पुढे त्याची बोटं अर्धं पेर जात होती. भाचीचा हात एवढा मोठा आहे हे माझ्या आजवर लक्षात कसं आलं नाही, असं मला वाटलं.

"आत्या," मागून कुणी तरी ओरडलं, "साखर एक की दोन?"

भाची जिन्याच्या तोंडाशी उभी होती. हातात चहाचे दोन कप.

६

मी हात काढला नाही. भीती वाटली नाही म्हणून नव्हे, काढताच आला नाही.

"एक," मी ओरडले.

हवा असेल. फुगलेल्या कापडात हवा एका जागी गोळा होते, फुगवटा येतो, हाताला ऊब लागते ती आपलीच. हे सगळं माझ्या मनात आलं, ओळीने, नीट. आणि मी बोटं मोजली. अंगठा. पहिलं बोट. पहिल्या बोटावर काहीतरी कडक होतं. वाटाण्याएवढं.

ती गाठ मी मारली होती. माझी गाठ मला कळते.

भाचीने कप खिडकीत ठेवले, हात पुसले आणि चौथ्या खोलीच्या तोंडाशी पालथी पडली. "चला, आता टाचणीबाईंची परीक्षा!" ती ओरडली. तीही माझ्याच गोष्टीतली ओळ. तिचं डोकं आत गेलं, खांदे गेले.

मी झेप घेतली आणि तिचा घोटा धरून तिला बाहेर ओढलं, तेवढी ताकद माझ्यात कुठून आली देव जाणे.

"आत्या! काय झालं?"

"खडू संपला." खडू माझ्या मुठीत होता. "खाली माझ्या कपाटाच्या खणात आहे. सगळे खण बघ. नीट बघ."

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत उठली आणि गेली. मी परत हात ठेवला. तो तिथेच होता, वाट बघत. छत्तीस वर्षांत तो हात म्हातारा झाला नव्हता. माझ्या तळव्याच्या सुरकुत्यांखाली तो गुळगुळीत, गरम, चोवीस वर्षांचा होता. मी रडत होते. कापडाला तोंड लावून मी म्हणाले, "दादा, एक मिनिट म्हणाले होते रे मी."

"पंखा बंद कर."

दादा दारात उभा होता. पंख्याचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जातो, तो तिथूनच धावत आला असणार. साठ वर्षांचा माणूस, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. त्याने उंबरा ओलांडला नाही.

"कोण आहे आत?" मी विचारलं.

"बंद कर गं."

"दादा, कोण आहे आत?"

ओरडूनच बोलावं लागलं त्याला, आणि असलं बोलणं ओरडून बोलताना माणूस फार केविलवाणा दिसतो.

"मला माहीत नाही, टाचणे. शपथ. सगळं नारिंगी होतं. मग तू पाय ओढलेस. त्याच्या आधीचं माझ्याजवळ काहीच नाही. मला दादा म्हणतात हेसुद्धा मला तूच सांगितलंस." त्याने चौकट घट्ट धरली होती. "बाकीचंही सगळं तूच सांगितलंस. मी एकही शब्द हरवू दिला नाही."

माझ्या हाताखाली तळवा जरा जोरात दाबला गेला. मी काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं. पंखा चालू ठेवायचा, चौथीच्या तोंडाशी बसायचं, आणि पाय दिसले की ओढायचे. आणि मग? दारातला हा माणूस कुठे जाणार होता? माझ्या खाटेशेजारी सात आठवडे खुर्चीत झोपलेला?

"तू म्हणशील तसं," दादा म्हणाला. "मी इथे उभा आहे."

जिन्यावर पावलं वाजली. "खण सगळे बघितले, नाहीये खडू," भाची म्हणत होती, आणि मग तिचा आवाज बदलला, लहान मुलीचा झाला. "बाबा? तू कधी आलास? बाबा, रडतोयस का तू?"

मी एक हात कापडावरून न काढता दुसरा लांब केला. बटणापर्यंत तो जेमतेम पोचला.

पंखा थांबायला वेळ लागतो. पाती दिसायला लागतात, मग मोजता येतात. छत्री खाली बसू लागली आणि माझा हात तिच्याबरोबर खाली जाऊ लागला, मी गुडघ्यांवर आले, मग वाकले. तळवा शेवटपर्यंत माझ्या तळव्याला लागून होता.

एक थाप आली.

दुसरीची मी वाट पाहिली. माझ्या हाताखाली लाकडी जमीन लागली, आणि मध्ये फक्त कापड होतं, सपाट. ती एक थाप दोष आहे म्हणून होती की दोनातली पहिली, हे मला कधीच कळणार नाही. खडू मुठीत होता. मी खूण केली नाही.

७

भाचीला मी सांगितलं की चौथ्या खोलीची शिवण गेली आहे, ही छत्री माणसाचा भार घेणार नाही. ती माझी शिवण होती, त्यामुळे तिने वाद घातला नाही. दोन दिवस रुसली.

छत्रीची घडी दादाने आणि मी घातली. तेव्हा कुठे तो उंबरा ओलांडून आत आला, माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला, आणि आम्ही दोन्हीकडून हातांनी हवा काढत गेलो. नवव्या खोलीपासून आत, पहिल्या खोलीपासून आत. चौथी शेवटी राहिली. तिच्यावरून हात फिरवताना त्याने डोळे मिटून घेतले. मी नाही मिटले. एवढं तरी मला बघायलाच हवं होतं.

पिशवी आता माझ्या खाटेखाली असते. पंख्याला या वर्षी तेल घालायचं नाही असं मी ठरवलं आहे. गेल्या वर्षीही एकदा ठरवलं होतं.

त्या रात्री जेवणं झाली. वहिनी परत आली होती, बहिणीकडच्या तक्रारी सांगत होती. भाची फुरंगटून ताटातले कण टिपत होती. दादा ताटावरून उठला नाही. मलाही उठवेना. तो माझ्याकडे बघत होता आणि विचारत नव्हता. छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच विचारत नव्हता. हनुवटी तळहातावर टेकलेली, आणि उजव्या हाताचं पहिलं बोट गालावर, धड, एकही व्रण नसलेलं.

मग मीच घसा साफ केला.

"आपण लहान होतो ना, दादा," मी म्हणाले, "तेव्हा वर माडीवर एक पंखा होता."

"हो?" तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला. "मग?"

मी सांगत गेले. अभ्रा पुन्हा पांढरा केला, कारण तो पांढराच होता.